पोबारा कोणाचा आणि कशासाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एका इमारतीला रात्री लागलेल्या आगीची बातमी होती. जिन्यात धूर भरला, लोक लहान मुलांना उचलून, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून अंगावरच्या कपड्यांनिशी खाली आले, कोणाचा जीव गेला नाही हे नशीबच. बातमी व्यवस्थित लिहिली होती, अग्निशमनच्या गाड्या कधी आल्या, मीटर बॉक्समध्ये शॉर्टसर्किट झालं असावं, सगळं होतं. आणि वर हेडलाइन काय तर 'मध्यरात्री आगीचा भडका, रहिवाशांचा पोबारा'. अहो पोबारा? जळत्या घरातून जीव वाचवून बाहेर पडलेल्या माणसांनी पोबारा केला म्हणे, जसं काही आग त्यांनीच लावली होती आणि पोलीस यायच्या आत ते सटकले.

एखाद्या वेळी असं झालं असतं तर सोडून दिलं असतं, घाईत होतं. पण हल्ली आपल्याच नाही, बहुतेक सगळ्या पेपरांत आणि त्यांच्या वेबसाइटवर कोणीही कुठूनही पळालं की पोबारा ठरलेला. चोराचा पोबारा, ड्रायव्हरचा पोबारा, लग्न करायला घर सोडलेल्या मुलीचा पोबारा, पावसात मैदान सोडून गेलेल्या प्रेक्षकांचा पोबारा. पळण्यासाठी मराठीत इतके शब्द आहेत की एखाद्या भाषेला हेवा वाटावा, आणि आपण एकच शब्द सगळ्यांच्या अंगावर चढवतोय.

पोबारा हा मूळचा सोंगट्यांच्या पटावरचा शब्द. पो म्हणजे एक आणि त्यापुढे बारा, असं ते फाशांचं दान. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे अजूनही चांदी होणं, नशीब फळफळणं एवढाच अर्थ आहे, पळण्याबिळण्याचा संबंध नाही. मराठीत मात्र शब्द पटावरून उठला तो थेट पळतच सुटला. तरी मला विचाराल तर त्यात नशिबाची थोडी झाक अजून शिल्लक आहे, कारण ज्याने पोबारा केला तो सुटलेला असतो. पकडला गेला तर तो पोबारा नाही, तो पळायचा प्रयत्न, आणि म्हणूनच 'पोबारा करताना रंगेहाथ पकडले' हे वाचताना अडखळायला होतं. पोबारा करण्याच्या बेतात होता म्हणा, चालेल.

आणि दुसरं म्हणजे पोबारा करणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागलेलं असतं किंवा त्याने मागे काहीतरी घोळ घालून ठेवलेला असतो. दागिन्यांसह पोबारा, गल्ल्यातली रोकड घेऊन पोबारा, भिशीचे पैसे घेऊन पोबारा. रिकाम्या हाताने, काहीही न करता कोणी पोबारा करत नाही, फार तर पळतो. शिवाय या शब्दात एक खट्याळपणा आहे, ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पळणाऱ्याचं थोडं कौतुकही वाटतं, बघा कसा गेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून शेजारच्या मांजराने दुधाच्या पातेल्यात तोंड घालून पोबारा केला म्हटलं की हसू येतं. पण आगीतून बाहेर पडलेल्या बाईबद्दल तेच म्हटलं की त्या बाईची चेष्टा केल्यासारखं होतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात चेष्टा नव्हती हे मला मान्य आहे तरीही होतं.

मध्ये आपल्याच पेपरात एक हेडलाइन होती, 'शेळी घेऊन बिबट्याचा पोबारा'. वा! ही मला मनापासून आवडली. शेळी तोंडात आहे, माणसं काठ्या घेऊन ओरडत धावतायत, आणि गडी उसात शिरून दिसेनासा. ज्याची शेळी गेली त्याला गंमत वाटणार नाही हे खरं, पण शब्द चपखल बसलाय.

आता व्याकरणाचं थोडं बोलू, कंटाळवाणं नाही. पोबारा 'करतात', पळ 'काढतात', धूम 'ठोकतात', कल्टी 'मारतात', सुंबाल्याही 'करतात', पण पसार मात्र 'होतात'. हा करणे आणि होणे यातला फरक साधा नाही. पसार झाला म्हटलं की जणू ते आपोआप घडलं, कोणाची चूक नाही, होता होता आणि मग नव्हता. म्हणून पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये बघा, आरोपी नेहमी अंधाराचा फायदा घेऊन पसार झालेला असतो. 'हातावर तुरी देऊन' हे शब्द प्रेसनोटमध्ये तुम्हाला कधी सापडणार नाहीत, कारण तुरी द्यायच्या तर समोर कोणाचा तरी हात लागतो, आणि तो हात कोणाचा हा प्रश्न लगेच येतो. कोर्टात नेताना कैदी शौचालयाला म्हणून गेला आणि आला नाही, तर ते तुरी देणंच आहे, तिथे पसार हा शब्द घातला की पेपराने प्रेसनोट तशीच्या तशी उचलली हे वाचकाला कळतं. यात तुम्ही शब्द बदललात तर ती पत्रकारिता झाली असं मी म्हणेन.

फरार हा आणखी वेगळा. तो अरबीतून आला, आणि तो कृती सांगत नाही, अवस्था सांगतो. माणूस तीन वर्षं फरार असू शकतो पण तीन वर्षं पोबारा करत असू शकत नाही. तरी 'दोन वर्षांपासून पोबारा केलेल्या आरोपीला अटक' हे वाचलंय हो मी, म्हणजे बिचारा दोन वर्षं पळतोच आहे, दम तरी किती असेल. फरार ठरवायला कायद्यात रीतसर पद्धत आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ८२ वं कलम होतं, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ८४ वं आहे, वॉरंट निघाल्यावर माणूस लपून बसलाय असं कोर्टाला वाटलं तर जाहीर उद्घोषणा काढतात आणि हजर व्हायला किमान ३० दिवस देतात. म्हणजे घटनेच्या दुसऱ्याच दिवशी आपण ज्याला फरार छापतो तो कायद्याच्या दृष्टीने अजून तसा जाहीर झालेला नसतो. बोलण्यात ठीक आहे, पण मोठ्या टायपात छापताना 'पोलीस शोध घेत आहेत' एवढं पुरतं.

ड्रायव्हरचं तर रोजचंच. अपघात, एक जखमी, 'चालकाचा पोबारा'. बरेच ड्रायव्हर खरोखर पोबारा करतात, धडक देऊन गाडी दामटतात, मागे वळून बघत नाहीत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांना याहून कडक शब्द वापरा. पण काही जण गाडी तिथेच सोडून पळतात कारण जमाव दगड घेऊन येत असतो, आणि तासाभराने स्वतःच्या पायाने पोलीस स्टेशनला हजर होतात. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम वाचा, जखमीला मदत मिळवून द्यायची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकतानाच तिथे लिहिलंय की जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, आणि जागेवर पोलीस नसेल तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं. म्हणजे १९८८ चा कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की पळणं आणि पळणं यात फरक असतो. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी देशभर चक्का जाम केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तो याच फरकावरून. नव्या न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात, बेदरकार गाडी चालवून कोणाचा जीव घेतल्यावर पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती आणि ड्रायव्हर म्हणत होते की थांबलो तर लोक मारतात. ते उपकलम अजून लागूच करायचं नाही असं ठरवून बाकीचा कायदा लागू झाला. ज्या गोष्टीवरून देश दोन दिवस थांबला ती आपल्या हेडलाइनमध्ये एका शब्दात निकाली निघते, चालकाचा पोबारा.

मुलींच्या बातम्यांबद्दल तर लिहिताना राग येतो. 'तरुणीचा प्रियकरासोबत पोबारा', 'दोन मुलांच्या आईचा पोबारा', ऑनलाइन आवृत्तीत तर या हेडलाइन वरच असतात कारण क्लिक मिळतात. अहो ती बाई सज्ञान आहे, तिने घर सोडलं, चूक केलं की बरोबर ते तिचं ती बघेल, पण तिने काय चोरलं? पोबारा शब्द वापरला की चोरी आपोआप आली, आणि चोरीचा माल म्हणजे ती स्वतःच, म्हणजे ती कोणाची तरी होती आणि ती स्वतःलाच घेऊन पळाली असा त्याचा अर्थ होतो. मुलाच्या बाबतीत 'तरुणाचा प्रेयसीसोबत पोबारा' असं आपण छापल्याचं मला आठवत नाही. हां, लग्न लावून, चार दिवस राहून, घरातले दागिने घेऊन नवरी आणि तिची बनावट मावशी दोघी गायब होतात त्या टोळ्यांच्या बातम्या येतात, तिथे जरूर लिहा पोबारा, तो शब्द तिथलाच आहे.

आणि मग मोठी माणसं. खिसेकापूने पाकीट मारलं की पोबारा. शेकडो कोटींचं कर्ज थकवून विमानात बसलेला माणूस मात्र 'परदेशात रवाना', 'लंडनमध्ये वास्तव्यास'. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला देश सोडून गेले, बँकांची थकबाकी नऊ हजार कोटींच्या आसपास सांगितली जात होती, तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते. थोड्याच दिवसांत त्यांनी ट्विटरवर जाहीर केलं की मी आंतरराष्ट्रीय उद्योजक आहे, माझं जाणंयेणं चालूच असतं, मी पळालेलो नाही आणि फरारही नाही. बघा, त्यांना शब्दाचं महत्त्व बरोबर कळलं होतं, आपल्यापेक्षा जास्त. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला गेले, बँकेची तक्रार त्यानंतर आली. मग २०१८ मध्ये खास कायदा करावा लागला, त्याचं नावच फरार आर्थिक गुन्हेगार कायदा, शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या रकमेचं प्रकरण असेल आणि कारवाई टाळायला माणूस बाहेर गेला असेल किंवा परत यायला नकार देत असेल तर त्याला तसं घोषित करून मालमत्ता जप्त करता येते. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने मल्ल्यांना तसं घोषित केलं, या कायद्याखाली ते पहिलेच. म्हणजे संसदेने त्यासाठी शब्द ठरवला, कोर्टाने तो लावला, आणि आपण अजून 'उद्योगपती' म्हणतोय. मूळ खटल्यांचा निकाल लागायचाय हे मला माहीत आहे, म्हणून दोषी म्हणू नका. पण पाकीटमाराचा खटला तरी कुठे लागलेला असतो पोबारा छापताना? एकतर दोघांना सारखी सभ्यता दाखवा नाहीतर दोघांना सारखा पोबारा द्या, आणि माझं मत विचाराल तर दुसऱ्यात मजा जास्त आहे.

पलायन या शब्दाचा गोंधळ वेगळाच, तो हिंदी चॅनलवरून आलाय. हिंदीत पलायन म्हणजे पोटासाठी गाव सोडून जाणं हा अर्थ रुळलेला आहे, उत्तराखंडात तर २०१७ मध्ये सरकारने पलायन आयोग नेमला, गावं ओस का पडतायत ते बघायला. मराठीत त्याला स्थलांतर म्हणतात. मराठीत पलायन म्हटलं की जबाबदारी टाकून पळणं, रणातून पळणं, त्यात भित्रेपणाचा ठपका आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, कामं बंद, भाडं द्यायला पैसे नाहीत, माणसं डोक्यावर बोचकी घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन हायवेने चालत निघाली, आणि मराठी टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती 'मजुरांचं पलायन सुरूच'. हिंदी बातमी जशीच्या तशी उचलली, शब्द तोच, लिपी तीच, त्यामुळे कोणाला खटकलंही नाही. पण मराठी कानाला त्याचा अर्थ काय पोचला, तर हे लोक शहराला टाकून पळाले. खरं तर शहरानेच त्यांना टाकलं होतं.

कर्जापायी गाव सोडावं लागलेल्या माणसासाठी तर आपल्याकडे परागंदा हा इतका नेमका शब्द आहे, फारसीतला, मूळ अर्थ विखुरलेला. त्यात दोष नाही, दुःख आहे. पण तो आता पेपरात दिसतच नाही. गाशा गुंडाळणं अजून दिसतं, बंद पडलेल्या कंपन्यांसाठी वापरतात, गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, ते गुंडाळलं की मुक्काम हलला. यात घाई असेलच असं नाही, पण परत येणार नाही हे नक्की. आणि चंबूगबाळं आवरणं हे त्याचंच गरीब भावंड, भाडेकरूसाठी.

हे सगळं कशाला सांगतोय तर कोण पळालं, कशापासून पळालं आणि जाताना काय घेऊन गेलं हे मराठीत त्या एका शब्दातच येतं, वेगळं सांगावं लागत नाही. शिवाजी महाराज १७ ऑगस्ट १६६६ ला आग्र्यातून निसटले, मराठीत त्याला गेली कित्येक वर्षं आपण 'आग्र्याहून सुटका' म्हणतो, कोणी पलायन म्हणून बघा, घरावर मोर्चा येईल. औरंगजेबाच्या दरबारी लिहिणाऱ्याला तोच प्रसंग फरार होणं वाटला असणार. घटना एकच, पहारेकरी तेच, शब्द कोणाच्या बाजूने निवडला एवढाच फरक. आणि कृष्णाचं बघा, जरासंधाशी लढताना मथुरा सोडून द्वारकेला गेला म्हणून त्याचं नाव रणछोड पडलं, डाकोरला त्याच नावाने मोठं देऊळ आहे, लोक भक्तीने रणछोडराय म्हणतात. आणि मराठीत एखाद्याला रणछोडदास म्हटलं तर तो गळा धरेल. संस्कृतवाल्यांनी तर 'यः पलायति स जीवति' म्हणून विषयच संपवला.

राजकारणात हे खेळ रोज चालतात आणि तिथे मात्र आपण सावध असता. विरोधी पक्ष उठून गेला की एकाच्या बाइटमध्ये सभात्याग आणि दुसऱ्याच्या बाइटमध्ये चर्चेपासून पळ. पत्रकारांनी अडचणीचं विचारलं की नेता 'काढता पाय घेतो', धावत नाही हं, चालत जातो, हसत, मोबाइल कानाला लावून, आणि तो शब्द तिथे अगदी बरोबर असतो. मग जी बारकाई नेत्याच्या पायाबद्दल दाखवता ती आगीतून उतरलेल्या माणसांच्या पायाबद्दल का नाही दाखवता येत?

डेस्कवरच्या मंडळींची अडचण मला समजते, रात्री अकराला पान सोडायचं असतं, कॉलम अरुंद, तीनचार शब्दांत सगळं बसवायचं, आणि पोबारा छोटा आहे, दणकट आहे, वाचणाऱ्याचं लक्ष जातं. पण 'रहिवाशांची बाहेर धाव' कितीसं लांब झालं असतं? 'जीव मुठीत घेऊन बाहेर' हेही बसलं असतं. भूकंपाचा धक्का बसला की लोक घराबाहेर धाव घेतात, पूर आला की सुरक्षित जागी हलतात, गोळीबार झाला की जिवाच्या आकांताने पळतात किंवा पळता भुई थोडी होते. हे शब्द कोणी नवीन काढायची गरज नाही, जुन्या फाइली उघडल्या तर आपल्याच पेपरात सापडतील.

शेवटचं कल्टीबद्दल. आपल्या रविवारच्या पुरवणीत एका लेखकाने 'मीटिंगमधून कल्टी मारली' असं लिहिलं होतं आणि तुम्ही कल्टीला अवतरणचिन्हांत टाकलं होतं, शेजारी 'सटकणे' हा शब्द मात्र तसाच उघडा. कल्टी मुंबईच्या बोलण्यातली आहे, कॉलेजात, लोकलमध्ये, ऑफिसात पोरं रोज मारतात, आता गावोगावची पोरंही मारतात. आणि तिचा अर्थ दुसऱ्या कुठल्याच शब्दात नाही, कंटाळा आला म्हणून, कोणाचं काही न बिघडवता, कोणाला न सांगता निघून जाणं, परत भेटल्यावर 'कुठे कल्टी मारलीस रे काल' एवढंच विचारणं. यात ना चोरी, ना भीती, ना गुन्हा. मैदानातून पावसात निघून गेलेल्या त्या प्रेक्षकांनी पोबारा केला नव्हता, कल्टी मारली होती, तसंच छापायचं होतं. तर ती अवतरणचिन्हं तेवढी काढा ही विनंती.

आपला,
एक नेहमीचा वाचक